‘रद्द’ आणि ‘खोटे’ यांतील अंतर

‘रद्द’ हा अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेला शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. विरारची लोकल रद्द होते, परीक्षा रद्द होते, साखरपुडा रद्द होतो. लोकल रद्द झाली म्हणून ती गाडीच खोटी होती, असे फलाटावरचा कोणी म्हणत नाही. मात्र ‘हुंडाछळाचा गुन्हा उच्च न्यायालयाकडून रद्द’ असा मथळा वर्तमानपत्रात वाचला की, ‘म्हणजे त्या बाईने खोटी केस केली होती तर!’ असा निष्कर्ष चाळीपासून प्राध्यापक-कक्षापर्यंत सर्वत्र एका क्षणात काढला जातो. एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दात असा बेमालूम मिसळू देणे हा भाषेच्या अभ्यासकाने सोडून द्यावा असा प्रमाद नव्हे, कारण येथे त्याची किंमत एक माणूस, आणि बहुधा एक स्त्री, मोजत असते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हुंडाछळाची फिर्याद रद्द करून घेण्याच्या प्रक्रियेकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने एक वाचनव्यवहार म्हणून पाहावे. न्यायालय एक संहिता वाचते. ती कोणी लिहिली, कशी लिहिली आणि कोणत्या नियमांनी वाचली गेली, हे प्रश्न आपल्याच विषयाचे आहेत.

आधी थोडा तपशील. विवाहितेशी पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूर वागणूक हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारे ४९८-अ हे कलम १९८३ साली भारतीय दंड संहितेत आले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून अमलात आले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तेथे हाच मजकूर ८५ आणि ८६ या कलमांत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि आपसांत न मिटवता येणारा. हे शेवटचे विशेषण महत्त्वाचे. पतिपत्नीत पुढे समेट झाला, अथवा संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरले, तरी खालच्या न्यायालयात ‘आम्ही मिटवले’ असे सांगून हा खटला संपत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराकडे जावे लागते. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे.

या दाराकडे जाण्याच्या वाटा दोन आहेत, आणि सगळा घोळ त्या एक मानल्यामुळे होतो. पहिली वाट वादाची: आरोपी म्हणतो की, फिर्याद जशी आहे तशी खरी धरली तरी तीतून माझ्याविरुद्ध गुन्हा सिद्ध होत नाही. दुसरी वाट संमतीची: दोन्ही पक्ष एकत्र येऊन म्हणतात की, आमचे मिटले आहे, आता हे प्रकरण संपवावे. दोन्हींच्या शेवटी आदेशात शब्द एकच उमटतो, ‘रद्द’. पण पहिल्या वाटेवर न्यायालय संहितेविषयी मत देते, तर दुसऱ्या वाटेवर ते संहिता बाजूला ठेवते. बाजूला ठेवलेले पुस्तक वाईटच असले पाहिजे, असे कोणताही शहाणा वाचक म्हणणार नाही.

पहिल्या वाटेचे नियम साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटतील. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने फिर्याद रद्द करण्याजोग्या प्रसंगांचे सात प्रकार सांगितले, आणि तेव्हापासून अशा प्रत्येक अर्जात त्यांचा दाखला दिला जातो. त्यांतील पहिल्या प्रकाराचा आशय असा की, फिर्यादीतले प्रत्येक विधान दर्शनी खरे मानावे आणि मग त्यातून गुन्हा उभा राहतो का ते पाहावे. या टप्प्यावर न्यायालय सामान्यतः साक्षीपुरावा तोलत नाही, कोण खरे बोलतो हे ठरवत नाही. नवसमीक्षेने आपल्याला हेच शिकवले होते: लेखकाचे चरित्र बाजूला ठेवा, पानावर जे आहे ते वाचा. पण नवसमीक्षेचे हे वाचन एका गृहीतकावर उभे असते. पानावरचा प्रत्येक शब्द लेखकाने जाणून-बुजून, निवडून ठेवलेला आहे, हे ते गृहीतक. पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या फिर्यादीला ते लागू पडते काय?

वसई, नालासोपारा किंवा विरार यांपैकी कोणत्याही ठाण्यात विवाहितेचा जबाब कसा तयार होतो, याची कल्पना केली तरी पुरे. ती बोलते ती सामवेदी, आगरी, मालवणी, भोजपुरी, नाही तर शहरी मराठी-हिंदीच्या मिश्रणात. तिचे कथन काळाच्या क्रमाने येत नाही. दिवाळीचा अपमान आधी, लग्नातल्या मानपानाची तक्रार नंतर, आणि गेल्या आठवड्यातला मार अगदी शेवटी, तोही तुटक. समोरचा अंमलदार ते ऐकून एका ठरीव शैलीत उतरवतो: ‘यातील आरोपी यांनी संगनमत करून फिर्यादीस माहेराहून पैसे आणण्याचा तगादा लावून, शिवीगाळ व मारहाण करून तिचा शारीरिक व मानसिक छळ केला.’ यात अंमलदाराचा दुष्टपणा नाही. त्याला कलमाच्या चौकटीत बसेल असा मजकूर हवा असतो, आणि ‘संगनमत’, ‘तगादा’, ‘शारीरिक व मानसिक छळ’ ही त्या चौकटीची माप काढलेली वाक्ये आहेत. परंतु या भाषांतरात नेमके तेच गळते ज्याची पुढे गरज पडणार असते: तारीख, जागा, कोण काय म्हणाले, कोण गप्प बसले आणि कोण त्या वेळी घरात नव्हतेच.

पुढे हीच संहिता उच्च न्यायालयात वाचली जाते तेव्हा तिच्यावर ठपका येतो तो ‘मोघम व सरसकट आरोपां’चा. प्रीती गुप्ता (२०१०), गीता मेहरोत्रा (२०१२), कहकशां कौसर (२०२२) या निवाड्यांतून सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितले आहे की, पतीच्या दूरच्या नातेवाइकांना विशिष्ट कृत्य न सांगता गोवलेले असेल तर त्यांच्यावर खटला चालवणे हा अन्याय आहे. हे म्हणणे बरोबर आहे, आणि ते मनापासून मान्य केले पाहिजे. लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदणारी नणंद, वर्षातून एकदा गणपतीला येणारा दीर, अंथरुणाला खिळलेली आजेसासू यांची नावे ‘सर्वांनी मिळून’ या दोन शब्दांच्या पोटात घालून त्यांना आरोपी करणे हे निर्दयपणाचे आहे. पासपोर्ट अडतो, नोकरीच्या पडताळणीत प्रश्न येतात, तारखांना रजा टाकाव्या लागतात. जो नातेवाईक खरोखर निर्दोष आहे, त्याने फिर्याद रद्द करून मागणे हा पळपुटेपणा नव्हे, तर त्याचा हक्क आहे.

पण याच ठिकाणी वाचकाने एक पाऊल पुढे टाकावे. ‘सर्वांनी मिळून’ हे शब्द तिचे होते की लिहिणाऱ्याचे? मोघमपणा तिच्या अनुभवात होता की नोंदीच्या शैलीत? दीर निर्दोष सुटला, हे योग्यच झाले. पण ज्या धूसर वाक्याने त्याला आत ओढले, तेच वाक्य पतीविरुद्धचे आरोपही धूसर करून ठेवते. म्हणजे वाईट गद्य दोन्ही पक्षांना छळते. निष्पापाला ते गुंतवते आणि दोषी माणसाला निसटायला फट देते.

याहून सूक्ष्म अडचण हुंड्याच्या भाषेची आहे. आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानंतर, आणि विशेषतः १९८३ नंतर, सुशिक्षित घरातला हुंडा अभिधेतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. आता ‘हुंडा द्या’ असे कोणी म्हणत नाही. ‘आमची काहीच अपेक्षा नाही, तुम्ही तुमच्या मुलीला काय द्याल ते’, ‘मुलगा विरारला फ्लॅट बघतोय, डाउन पेमेंटचं जरा अडलंय’, ‘मोठ्या सुनेच्या माहेरच्यांनी गाडी दिली, आम्ही मागितली नव्हती हं’, असे म्हटले जाते. यांतले एकही वाक्य वाच्यार्थाने मागणी नाही. ते कोणी, कोणासमोर, कोणत्या स्वरात आणि त्यानंतर किती दिवस अबोला धरून म्हटले, यात सगळा अर्थ आहे. व्यंग्यार्थ कळायला सहृदय वाचक लागतो, असे आनंदवर्धनाच्या परंपरेने सांगितले. हा व्यंग्यार्थ सुनेला पुरता कळतो, पण कागदावर उतरताना त्याची एक तर ‘पाच लाखांची मागणी केली’ अशी ढोबळ अभिधा होते, किंवा तो वगळलाच जातो. पहिल्या प्रकारात ती उलटतपासात अतिशयोक्ती करणारी ठरते. दुसऱ्या प्रकारात कलमाला लागणारी ‘बेकायदेशीर मागणी’च पानावर उरत नाही. कलमाच्या स्पष्टीकरणात मागणीशिवायच्या गंभीर क्रौर्यालाही जागा आहे, हे खरे. पण नोंदीच्या सवयीने ती जागा क्वचितच भरली जाते.

आता दुसऱ्या, संमतीच्या वाटेकडे येऊ. गुन्हा आपसांत मिटवता येत नसला तरी समेट झाल्यावर उच्च न्यायालय फिर्याद रद्द करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बी. एस. जोशी खटल्यात म्हटले, आणि २०१२ च्या ग्यानसिंग निवाड्याने वैवाहिक वादांच्या बाबतीत ही दिशा पक्की केली. त्यानंतर ही वाट इतकी रुळली की, सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने नमूद केले की, ४९८-अ चा गुन्हा संमतीने रद्द करण्यासाठीचे किमान १० अर्ज त्यांच्यापुढे रोज येतात. गावोगावहून पक्षकारांना प्रत्यक्ष यावे लागते, प्रवासाचा, वकिलाचा, राहण्याचा खर्च होतो, रजा घ्याव्या लागतात. म्हणून हा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने आपसांत मिटवता येण्याजोगा करावा, याकडे खंडपीठाने केंद्र सरकारचे लक्ष वेधले. आंध्र प्रदेशाने आपल्यापुरती अशी दुरुस्ती २००३ सालीच केली होती, तीन महिन्यांचा विचारकाळ ठेवून.

वसई-विरारच्या माणसाला हा मुद्दा आकड्यांनी समजावून सांगावा लागत नाही. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. सकाळच्या गर्दीत उभ्याने दीड तास. तेथून फोर्टातली ती दगडी इमारत, आणि संध्याकाळपर्यंत ‘आज बोर्डावर आपला क्रमांक येईल का’ ही प्रतीक्षा. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरार असे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले, वसईत न्यायालय आहे. पण जे दोघांनाही नकोसे झाले आहे ते संपवायला आजही मुंबईच गाठावी लागते. फिर्याद माहेरी, समजा रत्नागिरीत, नोंदवलेली असेल, तर ऑगस्ट २०२५ पासून वाट कोल्हापूरच्या सर्किट बेंचची. सासर सोडून माहेरी आश्रय घेतलेल्या स्त्रीला माहेरच्या गावीही फिर्याद देता येते, हे २०१९ च्या रूपाली देवी निवाड्याने स्पष्ट केले आहे, आणि ते न्याय्यच आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण चढण्याविषयी वापरतो. उतरण्यासाठीही पायऱ्या इतक्या असतील, याचा विचार म्हण घडवणाऱ्यांनी केला नसावा.

पण माझा मुख्य आक्षेप अंतराविषयी नाही. तो त्या शपथपत्राविषयी आहे, जे संमतीच्या अर्जाला फिर्यादी स्त्रीकडून जोडले जाते. त्यात अनेकदा अशा अर्थाचे एक वाक्य असते की, सदर फिर्याद ‘गैरसमजातून व रागाच्या भरात’ देण्यात आली होती. तडजोडीची रक्कम, स्त्रीधनाची परतफेड, मुलाचा ताबा, परस्परसंमतीचा घटस्फोट हे सारे ठरल्यावर हे वाक्य जणू शिष्टाचार म्हणून लिहिले जाते. कायद्याला त्याची गरज नाही. ‘आमच्यातील वाद मिटला असून फिर्याद पुढे चालवण्याची माझी इच्छा नाही’ एवढे पुरेसे आहे. तरीही ते लिहिले जाते, कारण दुसऱ्या पक्षाला केवळ सुटका नको असते, त्याला भूतकाळही दुरुस्त करून हवा असतो. आणि तिला सही करावी लागते, कारण धनाकर्ष त्या सहीनंतर हाती येणार असतो. पहिली संहिता अंमलदाराने लिहिली, दुसरी वकिलाने. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण काळाविषयीच्या दोन परस्परविरोधी कागदांवर तिची सही असते आणि दोन्हींत तिचे वाक्य एकही नसते. पुढे कोणी हाच दुसरा कागद दाखवून म्हणतो, ‘पाहा, तिनेच खोटे असल्याचे कबूल केले!’

याच मुंबई उच्च न्यायालयात १८८४ साली सुरू झालेला दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा दावा येथे आठवतो. बालपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला. १८८५ साली न्या. पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ साली न्या. फॅरन यांनी नांदायला जा अन्यथा सहा महिने तुरुंग, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवट झाला तो १८८८ सालच्या तडजोडीने: दादाजींना २,००० रुपये देऊन प्रकरण मिटले. म्हणजे तोही खटला ‘संमतीने’ संपला. तरीही रखमाबाईंची बाजू खोटी होती, असे आज कोणी म्हणत नाही. का? कारण ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात छापून आलेली पत्रे त्यांनी स्वतः लिहिली होती. न्यायालयाचा कागद मिटला, पण त्यांची संहिता मिटली नाही. पुढे डॉक्टर होऊन त्यांनी काय केले हे सर्वश्रुत आहे.

दुसरे उदाहरण पुण्याचे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निवाडा परिस्थितिजन्य पुराव्याच्या ‘पंचशील’ तत्त्वांसाठी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा जून १९८२ मध्ये, लग्नानंतर चार महिन्यांत, मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्या निवाड्याच्या केंद्रस्थानी तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे होती. न्या. फाजल अली यांनी ती बारकाईने वाचली आणि ती अतिसंवेदनशील, खचलेली असल्याने आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असा अर्थ लावला. खुनाच्या आरोपापुरता संशयाचा फायदा मिळणे हे फौजदारी न्यायाच्या तत्त्वाला धरून झाले असेल. पण तीच पत्रे ‘ही मुलगी इतकी का खचली?’ असा प्रश्नही विचारत होती. ती जिवंत असताना त्या प्रश्नाला कायद्यात स्वतःचे नाव नव्हते. पुण्या-मुंबईच्या स्त्रीसंघटना रस्त्यावर उतरल्या, ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून गावोगाव होऊ लागले, आणि त्याच वर्षी ते नाव मिळाले: ४९८-अ. हे कलम मेलेल्या विवाहितेसाठी नव्हे, तर जिवंत असलेल्या विवाहितेने बोलावे म्हणून आले, हे विसरता कामा नये.

गैरवापराचा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेशकुमार निवाड्यात सरसकट अटकेला लगाम घातला. २०१७ साली कुटुंबकल्याण समित्या सुचवल्या, २०१८ साली त्या काढून टाकल्या, आणि जुलै २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन महिन्यांच्या विचारकाळाच्या मार्गदर्शक सूचनांना पुन्हा मान्यता दिली. डिसेंबर २०२४ च्या दारा लक्ष्मी नारायण निवाड्यात गैरवापराबद्दल कडक शब्द आहेत. पण क्रौर्य सोसलेल्या स्त्रीने गप्प बसावे असे आम्ही म्हणत नाही, हेही त्याच निवाड्यात आहे. वर्तमानपत्रांनी पहिला भाग छापला, दुसरा वगळला. दुसऱ्या बाजूला, २०२२ या एका वर्षात देशात पती व नातेवाइकांच्या क्रौर्याचे १ लाख ४० हजारांहून अधिक, आणि हुंडाबळीचे ६ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. मे २०२५ मध्ये मुळशीच्या एका संपन्न घरातल्या सुनेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. लग्नात तोळ्यांनी सोने आणि मोटार दिल्यानंतरची ही गोष्ट. खोट्या फिर्यादी असतात. पण त्या किती, हे रद्द झालेल्या फिर्यादींची बेरीज करून ठरवता येत नाही, कारण त्या बेरजेत मिटलेल्या आणि खोट्या एकाच रकान्यात पडलेल्या असतात.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असे वाटते. एक, हा गुन्हा न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीने, पुरेसा विचारकाळ ठेवून आणि स्त्रीशी एकांतात बोलून खात्री केल्यावर, स्थानिक न्यायालयातच मिटवता यावा. दबावाची भीती खरी आहे, पण ती फोर्टातही असतेच, फक्त तेथे ती थकून आलेली असते. दोन, संमतीच्या आदेशात ‘तडजोडीमुळे’ हा शब्द ठळकपणे असावा, आणि ‘गैरसमजातून’ हे वाक्य शपथपत्रात मागण्याची प्रथा न्यायालयांनीच नाकारावी. तीन, फिर्याद तिच्या शब्दांत असावी. कायद्याने नोंद वाचून दाखवली गेली पाहिजे, तिची प्रत मोफत मिळाली पाहिजे. नव्या संहितेनुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती पाठवून तीन दिवसांत सही करण्याचीही सोय आहे. स्त्रीला उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. या सोयी वापरायच्या तर तिला स्वतःचे निवेदन लिहिता आले पाहिजे.

आणि येथे जबाबदारी आपल्याकडे, भाषेच्या शिक्षकांकडे येते. आपण पदवीच्या वर्गात निबंध, सारांशलेखन, वृत्तलेखन शिकवतो, अर्जाचे नमुने घोकून घेतो. पण घडलेली गोष्ट तारीख, जागा, बोलणाऱ्याचे नाव आणि त्याचे नेमके शब्द यांसह लिहिण्याचा सराव देत नाही. जे ऐकले ते आणि जे वाटले ते वेगवेगळ्या वाक्यांत मांडायला शिकवत नाही. हे कौशल्य ज्या मुलीला येईल तिच्या निवेदनात दूरची नणंद उगाच अडकणार नाही, आणि ज्याने त्रास दिला त्याला मोघमपणाची फट मिळणार नाही. हेच कौशल्य ज्या मुलाला येईल त्याला कदाचित हेही कळेल की, ‘आमची काहीच अपेक्षा नाही’ हे वाक्य आपल्या घरात कोणत्या अर्थाने उच्चारले जात आहे. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात याला एखादे घटक-प्रकरण मिळावे, ही मागणी मला फार मोठी वाटत नाही.